बोलोन्या ते ओर्व्हिएतो: दोघांनी गाडीने करायची इटली (खाणं, वाइन, रस्ते)

घाटरस्ता (धागाकर्ता):
इटलीवर इथे बरेच धागे आहेत, पण बहुतेक रोम-फ्लोरेन्स-व्हेनिसचे आणि तेही रेल्वेने. दोघांनीच जायचं असेल, गाडी भाड्याने घ्यायची असेल आणि निम्मं कारण जेवण आणि वाइन हेच असेल, तर आखणी वेगळी करावी लागते. ती एकत्र मांडतोय. भर घाला, जिथे खटकेल तिथे टोका.

सगळ्या आखणीचं मूळ एवढंच की गाडी शहरांसाठी नाही, मधल्या मुलखासाठी आहे. बोलोन्या आणि फ्लोरेन्स वेगवान रेल्वेने जेमतेम ३५-४० मिनिटांवर आहेत आणि दोन्हींच्या जुन्या भागात गाडी म्हणजे गळ्यात धोंडा. पण पार्मिज्यानोची चीजघरं, मोदेनाजवळची बाल्सामिको (द्राक्षरसाचं गोडसर व्हिनेगर) मुरवणारी घरं, क्यांतीचे द्राक्षमळे, व्हाल दोर्चाच्या टेकड्या, यांतलं काहीही गाडीशिवाय धड होत नाही. म्हणून बोलोन्यात दोन रात्री पायीच फिरायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून गाडी उचलायची. मोदेना-पार्माच्या पट्ट्यात एक रात्र, क्यांतीत तीन, व्हाल दोर्चात तीन, ओर्व्हिएतोत एक, आणि गाडी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर परत. सगळं मिळून साडेसहाशे-सातशे किलोमीटर. दहा रात्रींना हे कमी वाटेल, पण डोंगरी वाटेवर चाळीस किलोमीटरला तास जातो आणि दुपारचं जेवण दीड तासाच्या आत उरकत नाही.

गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडली की वेगळा आकार पडतो, तो बुकिंग करतानाच बघा. गाडी लहान घ्या. गावांतल्या गल्ल्या आणि पार्किंगचे चौकोन जुन्या फियाटच्या मापाचे आहेत. मात्र फियाट पांडामध्ये दोन मोठ्या बॅगा नीट मावत नाहीत. एक मोठी, एक केबिनची, हा हिशेब ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधी निवडा. आयत्या वेळी काउंटरवर मिळेल या भरवशावर राहू नका. डिपॉझिट ड्रायव्हरच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, त्यामुळे डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड घेऊन गेलात की काउंटरवरच गाडं अडतं.

भारतातलं लायसन्स असेल तर सोबत आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना) लागतोच. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही बरोबर ठेवायचं, एकट्या आयडीपीला अर्थ नाही. अमेरिकेतल्या मंडळींनाही आयडीपी घ्यावा लागतो. युरोपीय संघाचं किंवा ब्रिटनचं लायसन्स असेल तर नाही.

आता झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग. शहराच्या जुन्या भागाच्या तोंडाशी लाल गोल पाटी आणि वर कॅमेरा. परवान्याशिवाय आत गेलात की फोटो निघतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो, आणि त्याआधी गाडी कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचं स्वतःचं शुल्क कार्डावरून वळतं करते. म्हणजे एका चुकीचे दोनदा पैसे. चुकीच्या कमानीतून आत जाऊन दुसरीकडून बाहेर पडून पुन्हा आत शिरलात तर दोन दंड. विजेच्या पाटीवर 'व्हार्को अत्तिव्हो' दिसलं तर कॅमेरा चालू आहे, 'व्हार्को नॉन अत्तिव्हो' दिसलं तर त्या वेळी जायला हरकत नाही. ही पाटी गाडी चालवत वाचण्यापेक्षा शेजारच्याने वाचावी. हॉटेल आत असेल तर तुमचा नंबर नोंदवून देतात का, कोणत्या रस्त्याने यायचं आणि किती वेळात, हे आधी लेखी विचारून घ्या.

पार्किंगच्या रेघा: पांढऱ्या म्हणजे फुकट (पण वेळेची पाटी असेल तर काचेमागे कागदी घड्याळ लावायचं, ते सहसा हातमोज्यांच्या कप्प्यात असतं), निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे रहिवासी किंवा अपंग, तिथे लावायचीच नाही.

पावकिलो:
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. टोलबद्दल लिहितो, कारण पहिल्याच दिवशी तिथे घाम फुटतो.

हिरव्या पाट्या म्हणजे आउतोस्त्रादा, टोलचा रस्ता. निळ्या पाट्या साध्या हमरस्त्याच्या. शिरताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे द्यायचे. उतरताना पिवळ्या 'तेलेपास' (आपल्या फास्टॅगसारखं यंत्र लावलेल्या गाड्यांच्या) रांगेत चुकूनही शिरू नका. निळी पाटी फक्त कार्डाची, आणि नोटा-नाण्यांचं चित्र असलेली पांढरी पाटी रोखीची. भारतीय प्रीपेड कार्ड कधीकधी यंत्र घेत नाही, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवून पांढऱ्या रांगेतच जावं. यंत्र अडलंच तर मदतीचं बटण दाबायचं. न भरलेल्या रकमेची चिठ्ठी निघते आणि ती १५ दिवसांत ऑनलाइन भरता येते. काहीही झालं तरी रांगेतून गाडी मागे घ्यायची नाही. तो फार मोठा गुन्हा आहे.

बोलोन्याहून फ्लोरेन्सकडे येताना ए१ रस्ता दोन फाट्यांत फुटतो, 'दिरेत्तिस्सिमा' आणि 'पानोरामिका'. पहिला २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालेला, बोगद्यांचा, सरळ आणि लवकर पोचवणारा. दुसरा जुना, वळणांचा, डोंगर दाखवणारा. घाई नसेल तर दुसरा. दोन्ही पुढे एकत्र येतात, त्यामुळे चुकीचा धरला तरी बिघडत नाही.

वेग: आउतोस्त्रादावर १३०, पावसात ११०, साध्या रस्त्यावर ९०, वस्तीत ५०. फ्लोरेन्स-सिएना चौपदरीला टोल नाही, पण बऱ्याच भागात ९० चीच मर्यादा आहे आणि कॅमेरे भरपूर. रस्ता मोकळा दिसतो म्हणून पाय जड होतो आणि तिथेच सापडतात. वस्तीबाहेर दिवसाही दिवे लावायचे.

तूरडाळ:
आमच्यासारख्या शाकाहारींना यातलं किती झेपेल? 'व्हेजिटेरियन' म्हटलं की चीज-पास्ता देतात हे माहीत आहे, पण त्याच्या पलीकडे काय? आणि अंड्याचं काय?

अर्धाकप:
तूरडाळ, प्रश्न तोस्काना (टस्कनी, फ्लोरेन्स-सिएनाचा प्रांत) एवढ्यापुरता असता तर फार सोपा होता. एमिलियात (बोलोन्या-मोदेना-पार्माकडे) जरा डोळसपणे खावं लागतं.

आधी अंडं. बोलोन्याकडचा ताजा पास्ता अंड्याचाच: १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं हे तिथलं घरोघरचं माप आहे. ताल्यातेल्ले, तोर्तेल्लिनी, लाझान्या, सगळे त्यात आले. अंडं चालत नसेल तर सुका पास्ता मागायचा. तोस्कानात, विशेषतः सिएना आणि मोंतेपुल्चानोच्या बाजूला, पिची मिळतात. हाताने वळलेल्या जाड शेवया, नुसत्या पीठ-पाण्याच्या. (काही ठिकाणी किंचित अंडं घालतात, विचारावं.) 'पिची आल्याल्योने' म्हणजे त्या भागातला मोठ्या पाकळ्यांचा सौम्य लसूण आणि टोमॅटो. 'काच्यो ए पेपे' म्हणजे मेंढीचं चीज आणि मिरी. दोन्ही पोटभरीचे.

आता लपलेलं मांस. खरी फसगत इथे होते:

मिनेस्त्रोने किंवा रिबोल्लिता या भाज्यांच्या सुपांमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा मांसाचं पाणी असू शकतं. 'सेन्झा कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तर वरचं मांस काढतील, रश्श्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून 'सेन्झा ब्रोदो दी कार्ने' हेही म्हणायचं.

मोदेनाकडच्या तळलेल्या फुगीर ञोक्को फ्रित्तोमध्ये आणि रोमान्याच्या पियादीनामध्ये बऱ्याचदा 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी असते. पियादीना ऑलिव्ह तेलाचीही मिळते, दुकानातल्या पाटीवर 'ओल्यो' बघा.

पान्ना कोत्तामध्ये जिलेटिन.

पार्मिज्यानो रेज्यानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) असतं, त्याला अपवाद नाही; नियमच तसा आहे. पेकोरिनोमध्येही बहुधा प्राणिज रेनेटच. ज्यांना हे चालत नाही त्यांना इटलीत चीज जवळपास सोडावंच लागतं, कारण वेटरला रेनेट समजावणं कठीण.

बिनधास्त खाण्यासारखं: पाप्पा अल पोमोदोरो (शिळा पाव आणि टोमॅटो), पान्झानेल्ला (पाव-टोमॅटोची कोशिंबीर), सेजची पानं घालून शिजवलेले पांढरे घेवडे, पार्माकडचे भाजी आणि रिकोत्ता भरलेले 'तोर्तेल्ली दी एर्बेत्ते' (अंडं चालत असेल तर), आणि पिसा-लिव्होर्नो बाजूची चेचिना, म्हणजे चण्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. तोस्कानाचा पाव अळणी असतो, तो बिघडलेला नाही, तसाच असतो. जैन जेवण हवं असेल तर 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला' आधल्या दिवशी सांगून ठेवा. शेतावरच्या मुक्कामी, म्हणजे आग्रितुरिझ्मोमध्ये, हे जमून जातं. बटाट्याचं मात्र वेगळं सांगावं लागेल.

घाटरस्ता:
अर्धाकप, तोडलंत! आता चीजघराचं लिहून टाकतो, कारण बरेच जण दुपारी पोचतात आणि रिकाम्या कढया बघून येतात.

दूध रोज येतं म्हणून चीज रोज बनतं, पण सगळं सकाळी. साडेआठच्या आत पोचायला हवं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात आणि त्यात सकाळचं निरसं घालतात. उलट्या घंटेसारख्या तांब्याच्या कढईत साधारण हजार-अकराशे लिटर दूध, त्यातून दोन चाकं. रेनेट पडलं की दहा-बारा मिनिटांत दही लागतं. मग तारांच्या मोठ्या रवीने ते तांदळाच्या कण्यांएवढं बारीक फोडतात, ५५ अंशांपर्यंत तापवतात, कण तळाशी बसतात. पाऊण-एक तासाने दोघे जण लाकडी फावड्याने तो गोळा उचलून कापडात घेतात, सुरीने मधोमध कापतात आणि दोन झोळ्या दांड्यावर टांगतात. बघायचं ते हेच, आणि ते दहा-साडेदहाला संपलेलं असतं. त्यानंतर मिठाच्या पाण्यात सुमारे वीस दिवस, आणि मग फळ्यांवर किमान १२ महिने. साधारण ४० किलोचं एक चाक. भेट आधी इमेलने ठरवावी लागते. २४ आणि ३६ महिन्यांचं शेजारी शेजारी चाखून मगच विकत घ्या. निर्वात पाकिटात बांधून देतात.

बाल्सामिकोमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. 'त्रादित्सिओनाले' म्हणजे फक्त शिजवलेला द्राक्षरस, लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या ओळीत किमान १२ वर्षं मुरवलेला. 'एक्स्त्राव्हेक्यो' असेल तर २५. मोदेनाचा १०० मिलीच्या एकाच ठरावीक आकाराच्या बाटलीत येतो आणि ४०-५० युरोंच्या खाली सहसा सापडत नाही. 'आयजीपी' (भौगोलिक नावाचा शिक्का) लिहिलेल्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं आणि मुरवण्याची अट ६० दिवसांची. रोजच्या सॅलडला तो उत्तम, पण बाटलीवर मेणाचा शिक्का आहे म्हणून चाळीस युरो मोजू नका. पिंपं माळ्यावर ठेवतात, कारण उन्हाळ्याची तलखी आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागते.

बव्हेरियन_बाकरवडी:
म्युनिकहून स्वतःच्या गाडीने यायचं असेल तर? ब्रेनर की स्वित्झर्लंड?

पावकिलो:
बोलोन्यासाठी ब्रेनरच. ऑस्ट्रियाची विन्येत (महामार्ग वापरण्याचा ठरावीक मुदतीचा पास) लागते आणि ब्रेनर आउटोबानचा टोल त्याव्यतिरिक्त. नुसती विन्येत लावून निघू नका. स्विस विन्येत फक्त वर्षाची मिळते, ४० फ्रँक, एका फेरीसाठी महाग. नोव्हेंबरच्या मध्यानंतर येत असाल तर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल इटलीच्या बऱ्याच रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. भाड्याच्या गाडीलाही हे लागू, विचारून घ्या.

शेवंती:
वाइनचं सांगा ना कुणीतरी नीट. नावं एवढी की दुकानात उभं राहून गोंधळ होतो. आणि चालवणाऱ्याने काय करायचं?

हिशेबनीस:
चालवणाऱ्याचं आधी. इटलीत मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम. लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

चाखायला पाच वाइन, प्रत्येकी ५० मिली, म्हणजे २५० मिली. १४ टक्क्यांनी ३५ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे २८ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाचा ढोबळ आकडा ०.५९ येतो, ५५ किलोच्या बाईचा ०.९ च्या वर. जेवण आणि वेळ यांनी तो थोडा उतरतो, पण 'नुसतं चाखलंय' म्हणून सुटका नाही. टेबलावर थुंकायचं भांडं असतं, ते शोभेला नाही. तिथे कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. नाहीतर दिवस वाटून घ्या, एक दिवस एकाने चालवायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. दोघांचीही नावं करारात हवीत, आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे पैसे पडतात.

घाटरस्ता:
याच्यावर अजून एक तोडगा म्हणजे मोंतेपुल्चानो. तिथे पिढीजात वाइनघरांची तळघरं गावाच्या पोटातच आहेत. पियाझ्झा ग्रान्देच्या आसपास पायी फिरत दोन-तीन बघता येतात. गाडी तटाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावून मुक्काम गावातच करा, दोघांनाही निवांत पिता येईल. मोंताल्चिनोतही किल्ल्याच्या आत वाइनचं दुकान आहे, पेल्यावर ब्रुनेल्लो मिळतो.

नावांचा गोंधळ वाटतो तेवढा नाही, कारण या पट्ट्यातल्या लाल वाइनच्या मुळाशी एकच द्राक्ष आहे, सान्जोव्हेजे. (आपल्याकडे अकलूजला फ्रातेल्लीने ते लावलंय, त्यांच्या 'सेत्ते'त काबर्ने सोव्हिन्यों आणि सान्जोव्हेजेचं मिश्रण आहे. जाण्याआधी ती चाखली तर चव ओळखीची होते.)

क्यांती क्लासिको: फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधला मूळ मुलूख, १७१६ साली मेदिचींच्या तिसऱ्या कोसिमोने हुकूम काढून सीमा आखलेला. गळ्यावर काळा कोंबडा. किमान ८० टक्के सान्जोव्हेजे. नुसतं 'क्यांती' लिहिलेली बाटली आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशातली, कोंबडा नाही.

ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो: १०० टक्के सान्जोव्हेजे, किमान दोन वर्षं लाकडात मुरवलेला, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षी जानेवारीत बाजारात. तेवढे पैसे नसतील तर त्याच मळ्याचा 'रोस्सो दी मोंताल्चिनो' मागा. जेवणाबरोबर मला तोच जास्त पटतो, ब्रुनेल्लो बऱ्याचदा वेळेआधी उघडला जातो.

व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो: किमान ७० टक्के सान्जोव्हेजे. 'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो' ही वेगळ्याच प्रदेशातली, वेगळ्या द्राक्षाची वाइन. दुकानात स्वस्त दिसली म्हणून उचलली जाते.

पांढरी हवी तर सान जिमिन्यानोची व्हेर्नाच्चा, आणि शेवटी ओर्व्हिएतोची. जेवणानंतर व्हिन सान्तो, बदामाच्या कडक बिस्किटांबरोबर.

वाइनरीत आधी कळवल्याशिवाय जाऊ नका. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तोडणी असते, तेव्हा वातावरण बहारदार पण माणसं कामात. दिवसाला दोन भेटी पुरेत, तिसरीला जीभ थकलेली असते.

पावकिलो:
बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तिना खाणाऱ्यांसाठी (गोमांस आहे, न खाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडावा): भाव किलोवर, आणि सहसा किलोच्या खाली कापत नाहीत. दोघांत एक पुरे, वर घेवडे, बास. आतून लाल येणार; पूर्ण शिजवून मागितलं तर नाही म्हणतील किंवा चेहरा करतील. मेनूवर किमतीपुढे 'एत्तो' असेल तर तो १०० ग्रॅमचा भाव, ट्रफल आणि माशांना हमखास. 'कोपेर्तो' हा माणशी दीड ते तीन युरोंचा बसण्याचा आकार, फसवणूक नव्हे. स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं ते साडेसातला उघडतं. साडेतीनला भूक लागली तर बारमधला सँडविच. कॉफी उभ्याने काउंटरवर प्या, टेबलावर बसलात की जास्त पैसे.

शेवंती:
फ्लोरेन्सला गाडी नेऊच नये असं म्हणताय, पण क्यांतीत राहून एक दिवस बघायचंय. मग?

पावकिलो:
ए१ वर स्कांदिच्चीजवळ व्हिल्ला कोस्तांझा म्हणून पार्किंग आहे. आउतोस्त्रादातून बाहेर न पडता तिथे गाडी लावता येते, आणि तिथूनच टी१ ट्राम थेट सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला. उफ्फित्सी आणि अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद. कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढायच्या तर वेळ आधीच आरक्षित करा, तिथे पोचून मिळत नाही.

सिएनात सांता कातेरिना पार्किंग, तिथून सरकते जिने थेट वर. ओर्व्हिएतोत काम्पो देल्ला फिएरा, तिथेही लिफ्ट आणि सरकते जिने. २ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनात पालिओच्या घोड्यांच्या शर्यती असतात. त्या बघायच्या नसतील तर त्या दोन दिवशी सिएना टाळा.

अर्धाकप:
व्हाल दोर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. सुरूंची रांग, एकटं चॅपल वगैरे जे फोटोत दिसतं ते सान क्विरिको ते पिएन्झा या दहा किलोमीटरांच्या आत. व्हितालेताच्या चॅपलला शेवटचा तुकडा चालत जायचं, कच्ची वाट अडवून गाडी लावू नये. प्रकाशासाठी सकाळी जावं. बान्यो व्हिन्योनीत चौकाच्या जागी गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात उतरता येत नाही. पाण्यात बसायचं असेल तर बान्यी सान फिलिप्पो, जंगलात, चुनखडीचा पांढरा डोंगर, फुकट. जुने बूट न्या, घसरतं. पिएन्झात पेकोरिनो: ताजं, मध्यम, जुनं, तिन्ही मागून चाखा. ताजं मधाबरोबर.

पांढरे कच्चे रस्ते सुंदर, पण भाड्याच्या करारातल्या साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचं पोट बहुधा येत नाही. ताशी ३० च्या वर जाऊ नका. अंधार पडल्यावर रानडुकरं आडवी येतात.

तूरडाळ:
वाइन भारतात किती आणता येते? आणि गाडी परत करताना टाकी भरायचं काय?

हिशेबनीस:
माणशी दोन लिटर शुल्कमुक्त. म्हणजे ७५० मिलीच्या दोन आणि व्हिन सान्तोची ३७५ मिलीची एक छोटी, १.८७५ लिटर. तिसरी मोठी बाटली घेतली की मर्यादा ओलांडली. वाइनरीतून घरपोच मागवू नका, भारतातलं आयातशुल्क बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त होतं. बाटल्या चेक-इन बॅगेत, मधोमध, कपड्यांत गुंडाळून. विमानतळाच्या आत घेतलेली सीलबंद पिशवी वाटेत विमान बदलताना अडू शकते.

टाकी: 'बेंझिना' पेट्रोल, 'गझोल्यो' डिझेल. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, तरी गाडी घेतानाच खात्री करून घ्या. 'सेर्व्हितो' खांबावर माणूस भरून देतो आणि दर जास्त, 'सेल्फ'वर कमी. दुपारी आणि रविवारी फक्त यंत्र चालू असतं: कार्ड आणि पिन टाकून पंपाचा नंबर निवडायचा. यंत्र आधी शंभर युरो किंवा जास्तच अडकवतं, उरलेले सुटायला काही दिवस जातात, म्हणून कार्डावर तेवढी शिल्लक हवी. नोट टाकलीत तर सुटे परत येत नाहीत. कमी भरलं तर उरलेल्याची चिठ्ठी निघते आणि ती पंपावर माणूस असेल तेव्हाच वटते. म्हणून फ्युमिचिनोच्या आधी शेवटचं भरताना कार्डच वापरा आणि पावती जपून ठेवा. गाडी सोडताना चारही बाजू, चाकं आणि काटा दाखवणारा एक व्हिडिओ काढा, विशेषतः रात्री काउंटर बंद असताना किल्ली पेटीत टाकणार असाल तर.